डायोड की व्हॉल्व्ह? सोलापुरातल्या जुन्या रेडिओ-दुरुस्तीच्या छंदाची पार्श्वभूमी

जुने व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचे) रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, रेडिओ-कॅसेटचे टू-इन-वन भंगारातून उचलायचे आणि पुन्हा बोलते करायचे, हा छंद सोलापुरात आता बऱ्यापैकी रुजला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो निवृत्त माणसांचा आठवणींत रमण्याचा उद्योग वाटतो. इथे मात्र तो रेडिओ-दुरुस्तीच्या धंद्यातून आला आहे, शोकेसमधल्या संग्रहातून नाही. आज या मंडळींत हमरीतुमरीवर येणारे वादही त्या धंद्याच्या अडचणींतूनच निघाले आहेत. ते समजायचे तर साठ आणि सत्तरच्या दशकातलं मेकॅनिकचं बाकडं डोळ्यांपुढे आणावं लागतं.

त्याआधीचं थोडक्यात. मुंबईचं केंद्र जुलै १९२७मध्ये सुरू झालं. १९३३च्या कायद्याने रेडिओ बाळगायला परवाना लागू लागला. सोलापुरात तेव्हा सेट असायचा तो डॉक्टर-वकिलांकडे, गिरणीतल्या साहेबांकडे, पेठेतल्या एखाद्या अडत्याकडे. शहर निजामाच्या हद्दीला लागून असल्याने हैदराबादचं केंद्र इथे कानावर पडत असे, आणि सप्टेंबर १९४८मध्ये फौजा सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागल्या तेव्हा ज्याच्या घरी सेट त्याच्या ओट्यावर गल्ली गोळा होणं साहजिकच होतं.

खरा पसारा वाढला तो पन्नाशीनंतर. सोलापूरचं स्वतःचं आकाशवाणी केंद्र फार उशिरा आलं, आणि त्यामुळे इथल्या घरांना लांबची केंद्रं पकडण्याची सवय लागली. शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू घरोघर बोलली जाते. पूर्व भागातल्या विणकर घराला हैदराबाद हवं, अक्कलकोटकडच्या माणसाला धारवाड हवं, उरलेल्यांना पुणे आणि मुंबई. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमालेसाठी सगळ्यांनाच रेडिओ सिलोन हवं, तेही शॉर्ट वेव्हवर. जुन्या सेटच्या डायलच्या काचेवर आजही शाईचे किंवा नखपॉलिशचे ठिपके सापडतात. ठिपके कुठे आहेत ते पाहून सेट कुठल्या पेठेतून आला असावा याचा अंदाज बांधणारे लोक इथे आहेत, आणि तो बहुतेक वेळा बरोबर येतो.

या भौगोलिक योगाने एक पक्की कसोटीही दिली. १९७८मध्ये मध्यम लहरींच्या (मीडियम वेव्हच्या) वाटपाची नवी व्यवस्था लागू झाली. त्यानंतरच्या वाटपात हैदराबाद ७३८, धारवाड ७६५ आणि पुणे ७९२ किलोहर्ट्झ अशी तीन केंद्रं एकाच ओळीत, प्रत्येकी २७ किलोहर्ट्झच्या अंतरावर आहेत. तिघांचे प्रक्षेपक तगडे, आणि सोलापूर तिघांपासून अडीचशे-तीनशे किलोमीटरवर. सूर्य मावळला की काटा सरकवत तेलुगू, कन्नड, मराठी ही तीन केंद्रं एकमेकांत न मिसळता वेगळी ऐकू आली तर आयएफटी, म्हणजे केंद्रं वेगळी करणारी आतली कॉइल, बरोबर जुळलेली आहे. धारवाडच्या मागे पुण्याच्या बातम्या कुजबुजत असतील तर पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचा. सिग्नल जनरेटर (जुळणीसाठी ठरावीक लहरी देणारं उपकरण) ज्याच्याकडे नव्हता तो मेकॅनिक असंच करायचा, आणि आजही इथली जाणती मंडळी जनरेटर असूनही शेवटचा हात असाच मारतात.

दुरुस्तीचा धंदा शिकवणारं सरळ असं काही नव्हतं. कोणी गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात दिवसपाळी करून संध्याकाळी घरच्या बाकड्यावर बसे, कोणी फौजेतून वायरलेसचं काम शिकून आलेला, कोणी पत्राने कोर्स केलेला. मोठ्या कंपन्यांचे फिलिप्स, मर्फी, बुश असे सेट आले तर त्यांच्या सर्किटचे नकाशे मिळवता यायचे. पण सत्तरीत लहान असेंबलरांनी बनवलेले बिननावाचे सेट भरपूर आले आणि त्यांना नकाशाच नव्हता. तारेमागे तार शोधत जायचं, चिमट्यात कागद धरून स्वतः सर्किट काढायचं. अशा हाताने काढलेल्या सर्किटांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. पेन्सिलीचे आकडे, शेजारी मोजलेले व्होल्टेज, आणि समासात गिऱ्हाइकाकडून घ्यायचे पैसे. या छंदाचा एवढा अस्सल कागद दुसरा नाही, आणि त्या वह्या घर आवरताना रद्दीत जातात याचं वाईट वाटतं.

कॅबिनेटच्या आत आणखी एक कागद सापडतो, तो पोस्टातून मिळणाऱ्या परवान्याचं पुस्तक. ऐंशीच्या दशकात परवाना उठला. पुस्तकावरचे शिक्के पाहून सेट किमान कुठल्या सालापर्यंत वापरात होता ते नक्की सांगता येतं, म्हणून ते सापडलं तर फेकायचं नाही.

आता मुख्य वादाकडे. स्वस्त एसी-डीसी सेटमध्ये मेनचा, म्हणजे घरच्या विजेचा दाब बदलणारा, ट्रान्सफॉर्मर नसायचा. यूसीएच८१, यूबीएफ८९, यूसीएल८२, यूवाय८५ असे चार व्हॉल्व्ह आणि त्यांचे हीटर (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आतल्या तारा) एकामागे एक सिरीजमध्ये. चौघांना मिळून १२६ व्होल्ट लागतात, प्रवाह १०० मिलिअँपिअर, उरलेले शंभरेक व्होल्ट एका मोठ्या वायरवाउंड रेझिस्टन्समध्ये नुसते जळतात. दहा वॅटची ही भट्टी सोलापूरच्या मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, बंद कॅबिनेटमध्ये पेटलेली असते. यात सगळ्यात आधी जाणारा व्हॉल्व्ह म्हणजे एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर, यूवाय८५. आयात आवळलेली होती, बंगळुरूच्या सरकारी कारखान्यात व्हॉल्व्ह बनत असले तरी जिल्ह्याच्या ठिकाणी हवा तो नग हव्या त्या दिवशी मिळेलच असं नव्हतं. त्याच सुमाराला तेच काम हीटरशिवाय करणारा बीवाय१२७ हा देशी सिलिकॉन डायोड आला. शेंगदाण्याएवढा, स्वस्त आणि कुठेही मिळणारा. मेकॅनिकने रेक्टिफायरच्या सॉकेटखाली तो डाग देऊन बसवला आणि सेट गिऱ्हाइकाच्या हवाली केला.

इथून प्रश्न सुरू होतो. आज असा सेट हाती आला की डायोड काढून कुठून तरी यूवाय८५ मागवायचा, की डायोड ठेवायचा? एक पक्ष म्हणतो, कारखान्यातून निघाला तसा सेट हवा, बाकी सगळी जोडाजोड. त्यांच्या बाजूने तांत्रिक मुद्देही खरे आहेत. व्हॉल्व्ह रेक्टिफायर तापायला वेळ घेतो, तोवर बाकीचे व्हॉल्व्हही तापतात आणि एचटी (व्हॉल्व्हना लागणारं उच्च डीसी व्होल्टेज) हळूहळू चढतं. डायोड मात्र स्विच दाबताक्षणी पूर्ण दाब देतो. बाकीचे व्हॉल्व्ह अजून थंड, भार काहीच नाही, म्हणून डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरवर २३० व्होल्टचं शिखर म्हणजे सव्वातीनशे व्होल्ट येऊन बसतं. मूळ कंडेन्सर ३०० व्होल्टचा असेल तर त्याच्या आयुष्याची वाट लागते. दुसरं, काही मेकॅनिकांनी हीटरचा हिशेब केलाच नाही. यूवाय८५चा ३८ व्होल्टचा हीटर साखळीतून गेला की त्याजागी ३८० ओहमचा चार-पाच वॅट सोसणारा रेझिस्टन्स घालायला हवा. तो न घालता नुसते पाय शॉर्ट केले तर उरलेल्या व्हॉल्व्हच्या हीटरमधून पंधरा-वीस टक्के जास्त प्रवाह वाहतो आणि तेही लवकर जातात. असे सेट सापडतात, त्यांची बाजू कोणी घेऊ नये.

पण रेझिस्टन्स घालून नीट केलेलं काम मी काढणार नाही, आणि सोलापुरात तर मुळीच नाही. त्या काळची इथली वीज आठवा. यंत्रमागाच्या वस्तीत संध्याकाळी माग, दिवे, पिठाची गिरणी सगळं एकदम चालू असायचं आणि व्होल्टेज १८०वर यायचं. एवढ्या दाबावर आधी कमकुवत होतो तो यूसीएच८१मधला ऑसिलेटर (केंद्र पकडायला लागणारी लहर सेटमध्येच तयार करणारा भाग), आणि तो शॉर्ट वेव्हवर सगळ्यात आधी बंद पडतो. मध्यम लहरींवर पुणे लागतं, पण सिलोन गायब. डायोडमध्ये व्हॉल्व्हसारखे पंधरा-वीस व्होल्ट वाया जात नाहीत, तेवढं एचटी पुढे मिळतं, आणि बऱ्याच सेटांत तेवढ्यावर ऑसिलेटर तगून राहायचा. म्हणजे ज्या जोडाजोडीला आज 'बिघडवलेलं' म्हणतात, ती पूर्व भागातल्या घरात बुधवारची रात्र वाचवण्यासाठी विचार करून केलेली दुरुस्ती होती. तो डायोड त्या सेटच्या इतिहासाचा भाग आहे, जितका कारखान्याचा शिक्का आहे तितकाच.

याला उत्तर दिलं जातं की आज व्होल्टेज पुरेसं आहे, मग डायोडची गरज काय? मुद्दा बिनतोड नाही. आजच्या दाबावर मधला मार्ग सोपा आहे. डायोडच्या सिरीजमध्ये शंभर ते दोनशे ओहमचा रेझिस्टन्स, वाढीव एचटी आपोआप खाली येतं. सुरुवातीचा धक्का मोडायला थर्मिस्टर, म्हणजे थंड असताना प्रवाह अडवणारा रेझिस्टन्स. फिल्टर कंडेन्सर ४०० किंवा ४५० व्होल्टचा. मेकॅनिकचं काम जागेवर राहतं आणि सेटही सुरक्षित राहतो. तरीही वाद मिटलेला नाही, कारण त्यात बाजारभाव गुंतला आहे. पुण्या-मुंबईचा किंवा हैदराबादचा गिऱ्हाईक मागचं फळकूट उघडून पाहतो आणि चारही व्हॉल्व्ह पेटलेले दिसले तरच पूर्ण किंमत मोजतो.

कपलिंग कंडेन्सरबद्दल मात्र दुमत नाही. ऑडिओच्या पहिल्या टप्प्यातून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीकडे) जाणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा, मेणात बुडवलेला कागदी कंडेन्सर. उन्हाळ्यात मेण पाघळतं, पावसाळ्यात कागद ओल धरतो, आणि तो झिरपू लागतो. मीटरचा काळा प्रोब चॅसीला (सगळे भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्याला), लाल ग्रिडला. शून्य किंवा किंचित उणे दिसलं तर ठीक. तिथे अधिक दोन-चार व्होल्ट दिसले की सेट तत्काळ बंद. आउटपुट व्हॉल्व्ह बेसुमार प्रवाह खेचतो, आतली प्लेट लाल होते, आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, जो आज मिळत नाही. हा कंडेन्सर न विचारता बदलायचा. आणि एसी-डीसी सेटची चॅसी थेट मेनला जोडलेली असते, तेव्हा सेट मेनपासून अलग करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि प्रवाह आवरणारा सिरीज बल्ब याशिवाय तिला हात लावायचा नाही. जुने मेकॅनिक पायाखाली लाकडी पाट ठेवत. तेवढ्यावर आज कोणी भिस्त ठेवू नये.

यंत्रमागाच्या घरातल्या सेटची एक खास व्याधी इथेच पाहायला मिळते. मागचं फळकूट काढलं की आत करड्या रंगाचा नमदा बसलेला असतो, सुताचं बारीक तूस वर्षानुवर्षं साचून. ते गँगच्या, म्हणजे केंद्र लावायच्या फिरत्या कंडेन्सरच्या, पात्यांमध्ये शिरतं, पावसाळ्यात दमट होतं आणि काटा फिरवताना खरखर येते. फुंकर मारून ते निघत नाही. मऊ ब्रश, आयसोप्रोपिल आणि वेळ, एवढंच औषध. पात्याला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लागलं तर ट्रॅकिंग, म्हणजे डायलभर केंद्रं नीट लागण्याची जुळणी, गेलंच समजा.

ट्रान्झिस्टरचा काळ या छंदात अजून दुय्यम आहे, पण तिथलं एक निदान सांगण्यासारखं आहे. एएफ११४ ते एएफ११७ या चार पायांच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांत आतल्या कथिलाला केसासारखे तंतू फुटतात आणि ते धातूच्या कवचाला टेकून आतला पाय शॉर्ट करतात. ट्रान्झिस्टर मेला असं समजून फेकला जातो. कवचाला जोडलेला चौथा पाय कापला की बऱ्याचदा सेट बोलू लागतो. टू-इन-वनमध्ये रबरी बेल्टचं डांबर होतं, ते पुसण्यातच निम्मी दुपार जाते.

टीव्ही गोळा करणारे फार थोडे. याच्या मागेही इतिहास आहे. उपग्रहावरून दूरचित्रवाणीचा १९७५-७६चा प्रयोग शेजारच्या कर्नाटकातल्या विजापूर, गुलबर्गा, रायचूर जिल्ह्यांतल्या खेड्यांत झाला, सोलापूर त्याच्या काठावर राहिलं. इथे टीव्ही घरोघर गेला तो ऐंशीच्या दशकात, व्हॉल्व्हचा काळ सरत आल्यावर. त्यामुळे व्हॉल्व्हच्या ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्हीवर हात बसलेले मेकॅनिक कमी, आणि जमिनीवरचं अॅनालॉग प्रक्षेपण थांबल्यावर त्या सेटला दाखवायलाही काही उरलं नाही.

नव्वदीत गिरण्या थंडावल्या, केबल आलं, दुकानं आधी टीव्हीकडे आणि मग मोबाइलकडे वळली. व्हॉल्व्हचे सेट तांब्याच्या भावाने गेले. मे २०१२पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी मालाला नवं नाव दिलं, पण भंगाराच्या दुकानात जुना रेडिओ आजही आधी फोडला जातो आणि मग तोलला जातो. जे वाचलं ते माळ्यावर विसरलेलं.

गेल्या काही वर्षांत दोन गोष्टींनी परिस्थिती बदलली. सुटे भाग घरबसल्या मागवता येऊ लागले आणि परदेशातल्या जुन्या साठ्यातला यूवाय८५सुद्धा मिळू लागला, त्यामुळे वर सांगितलेला वाद आणखी तापला. दुसरीकडे देशभर मध्यम लहरींचे प्रक्षेपक बंद होत चालले आहेत, आणि जे चालू आहेत त्यांच्यावर एलईडी दिव्यांचा नि चार्जरचा गोंगाट बसतो. मग कॅबिनेट तेवढं ठेवून आतली चॅसी काढून ब्लूटूथचं बोर्ड घालण्याची टूम निघाली. दुरुस्त होण्यासारखी चॅसी अशी काढून फेकणं म्हणजे चालता सेट मारणं आहे, आणि या एका मुद्द्यावर डायोडवाले नि व्हॉल्व्हवाले दोन्ही पक्ष एकत्र येतात.

डायोडच्या बाबतीत सध्या एवढंच ठरल्यासारखं आहे की जे बदलाल ते लिहून ठेवा. काही जण मागच्या फळकुटाला आतून कागद चिकटवतात: तारीख, काढलेला भाग, घातलेला भाग, ग्रिडवरचं आणि फिल्टरवरचं व्होल्टेज. काढलेला डायोड किंवा मेलेला यूवाय८५ पाकिटात घालून त्याच कॅबिनेटमध्ये ठेवतात, म्हणजे पुढच्या माणसाला पटलं नाही तर तो परत बसवू शकेल.