ई-लिलावातली राखीव किंमत : बोलीदार का येत नाहीत याची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या कुठल्याही वर्तमानपत्राची आतली पानं उघडा, बँका आणि पतसंस्थांच्या लिलाव नोटिशी दिसतीलच. त्या नेमानं वाचणाऱ्याच्या एक गोष्ट ध्यानात येते. तीच मिळकत, तोच रि.स.नं. (जमिनीचा सर्व्हे क्रमांक), तीच चतुःसीमा पुन्हा पुन्हा छापून येते आणि दर खेपेला राखीव किंमत थोडी उतरलेली असते. पहिल्या लिलावाला कुणी आलेलं नसतं, दुसऱ्यालाही नाही. लिलाव ऑनलाइन गेला की पुण्या-मुंबईचा, बेळगावचा, अगदी परदेशात नोकरी करणारा माणूसही बोली लावेल अशी अपेक्षा होती. ती पुरी का झाली नाही, याचं बरंचसं उत्तर बोली कुठल्या आकड्यापासून सुरू करायची या जुन्या वादात सापडतं.

या गावाला लिलाव नवा नाही. 1895 मध्ये संस्थानानं शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि गुळानं ती मोठी केली. आजही मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताच्या सौद्यात चढा दर निघतो आणि तो टिकणारा नाही हे शेतकऱ्यालाही माहीत असतं, अडत्यालाही. रोजच्या उघड लिलावाची रीत निराळी. पुकारणारा कालचा दर, गुळाचा रंग, कण आणि समोर उभ्या व्यापाऱ्यांचे चेहरे बघून आकडा टाकतो. कुणी बोललं नाही तर खाली येतो, एकानं तोंड उघडलं की वर चढतो. तो पहिला आकडा म्हणजे मालाचं मूल्यांकन नव्हे, माणसांना बोलतं करायची ती युक्ती असते.

सरकारी लिलावात ‘सरकारी बोली एकवार’ असं ज्या आकड्यानं सुरू होतं त्याचा स्वभाव वेगळा. महसूल खातं त्याला हातची किंमत म्हणतं, सहकारात अपसेट प्राइस म्हणतात, बँकेच्या नोटिशीत राखीव किंमत. नावं तीन असली तरी काम एकच : याच्या खाली विकायचं नाही. बोलीदार गोळा करण्याचं काम या आकड्याकडे कधी दिलेलंच नव्हतं, ते पुकारणाऱ्याच्या तोंडाचं होतं. लिलाव पडद्यावर गेला तेव्हा पुकारणारा गेला आणि आकडा एकटा उरला.

इंटरनेटवरच्या पहिल्या लिलावांनी खरं तर हा गुंता सोडवला होता. 1995 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एका संकेतस्थळावर विकणाऱ्याला दोन वेगळे आकडे देता येऊ लागले. सुरुवातीची बोली सगळ्यांना दिसायची आणि ती कितीही कमी ठेवता यायची, तर राखीव किंमत झाकलेली असायची. ती गाठली गेली की नाही, एवढंच बोलीदाराला कळायचं. भारतात 2000 साली याच धर्तीवर निघालेलं एक संकेतस्थळ 2004 मध्ये त्याच अमेरिकी कंपनीनं 5 कोटी डॉलरला घेतलं. जुनी नाणी, तिकिटं, घड्याळं यांचे एक रुपयापासून सुरू होणारे लिलाव इथल्या संग्राहकांनी तिथंच पाहिले. 2018 च्या ऑगस्टमध्ये ते दुकान बंद झालं.

त्या काळातल्या दोन निष्कर्षांची इथं आठवण ठेवायला हवी. 1996 मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी गणितानं दाखवलं, की बोलीदार साधारण सारख्या बळाचे असतील तर कितीही हुशारीनं ठरवलेल्या राखीव किमतीपेक्षा एक जादा बोलीदार विकणाऱ्याला अधिक देऊन जातो, राखीव किंमत अजिबात नसली तरीही. दुसरा निष्कर्ष 2006 चा. सुरुवातीची बोली कमी असेल तर जास्त लोक आत येतात, एकदा आत आले की गुंततात, त्यांची गर्दी बघून आणखी येतात, आणि शेवटचा भाव चढा सुरुवातीच्या लिलावापेक्षा वर जाऊ शकतो. मात्र त्याच अभ्यासात असंही दिसलं, की खेळाडूच्या नावाचं स्पेलिंग चुकलेल्या शर्टांच्या बाबतीत ही जादू चालली नाही. शोधणाऱ्याला ते शर्ट सापडतच नव्हते, त्यामुळे कमी सुरुवात कमीच राहिली. आपल्याकडच्या नोटिशीत सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) एका ओळीत, वॉर्डाचं अक्षर चुकलेलं, उपविभागाचा आकडा गळालेला असतो, तेव्हा हाच प्रकार घडतो. ई वॉर्डातलं घर ए वॉर्डात शोधणारा माणूस बोली लावणार नाही.

घर म्हणजे जुनं नाणं नव्हे, हे खरंच. थकबाकीदाराचं राहतं घर एक रुपयापासून पुकारा, असं कुणी म्हणत नाही. पण दोन आकड्यांची सोय आपल्या बँकांच्या ई-लिलावात आलीच नाही, आणि त्याचं मूळ कायद्याच्या भाषेत आहे.

2002 च्या सरफेसी कायद्यानं बँकांना कोर्टात न जाता तारण मिळकत विकण्याची वाट दिली. सहकारी बँकांना ती 2003 च्या अधिसूचनेनं मिळाली आणि तिच्यावर तिथूनच वाद सुरू झाला. त्याचा शेवट लागला 5 मे 2020 रोजी, तोही कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो असा निर्णय दिला. गावोगाव सहकारी बँका असलेल्या या जिल्ह्यात त्याचा अर्थ सरळ होता : वर्षानुवर्षं लोंबकळलेल्या मिळकती आता बाजारात येणार. आल्या तेव्हा मात्र टाळेबंदी होती आणि खरेदीदार घरात.

आता खरी गाठ. याच कायद्याखालच्या 2002 च्या नियमांत राखीव किमतीबद्दल दोन जागी लिहिलं आहे. आठव्या नियमात म्हटलंय की प्राधिकृत अधिकाऱ्यानं, म्हणजे विक्रीसाठी बँकेनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं, मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्यांकन घ्यावं आणि बँकेशी विचारविनिमय करून राखीव किंमत ठरवावी. नवव्या नियमाला दोन परंतुकं, म्हणजे ‘परंतु’नं सुरू होणाऱ्या अटी, आहेत. पहिलं म्हणतं, राखीव किमतीपेक्षा कमी रकमेची विक्री कायम करता येणार नाही. दुसरं म्हणतं, राखीव किमतीपेक्षा जास्त रक्कम मिळाली नाही, तर कर्जदार आणि बँक या दोघांच्या संमतीनं मिळेल त्या किमतीला विक्री करता येईल. मग बोली बरोबर राखीव किमतीइतकी आली तर? ती कमी नाही, म्हणजे पहिल्या परंतुकातून सुटते. जास्तही नाही, म्हणजे दुसऱ्यात अडकते. कर्जदाराची संमती मागायची वेळ येते, आणि ज्याचं घर जातंय तो संमती कशाला देईल?

या एका शब्दाच्या भीतीनं अनेक नोटिशींत अट आली, की पहिली बोली राखीव किंमत अधिक किमान एक वाढ इतकी हवी. वाढ पंचवीस हजारांची असो की लाखाची, दारातच ती मोजावी लागते. समोर दुसरा बोलीदार नसतानाही माणसानं स्वतःशीच स्पर्धा करायची, असा हा प्रकार आहे. गुळाच्या सौद्यात पुकारणाऱ्यानं असं केलं असतं तर व्यापारी पुढच्या थप्पीकडे निघून गेले असते.

दुसरा वाद मूल्यांकनाचा. मूल्यांकक सहसा तीन आकडे देतो : बाजारमूल्य, वसूल होऊ शकेल ते मूल्य आणि अडचणीत विकलं तर येणारं मूल्य. यांतल्या कुठल्या आकड्यावर राखीव किंमत बेतायची, हे नियम सांगत नाही. ते अधिकाऱ्यावर सोपवलंय. खालचा आकडा धरला तर कर्जदार कर्जवसुली न्यायाधिकरणात जातो, मिळकत मातीमोल विकली म्हणतो, आणि लेखापरीक्षक पुढच्या वर्षी तेच विचारतो. वरचा धरला तर लिलाव ओस पडतो, पण ओस पडलेल्या लिलावाबद्दल कुणाला जाब द्यावा लागत नाही. नोटीस निघाली, पोर्टल उघडलं, कुणी आलं नाही, फाइल पुढं सरकली. अधिकाऱ्यानं काय निवडावं याचा अंदाज बांधायला अर्थशास्त्र लागत नाही. सहकारी संस्थांच्या वसुलीत तर अपसेट प्राइसला सहकार खात्याची मंजुरी लागते, म्हणजे आकडा खाली आणायचा तर आणखी एक टेबल.

कर्जदाराची बाजूही हलकी नाही. लिलावातून कमी रक्कम आली तर उरलेलं कर्ज त्याच्याच डोक्यावर राहतं. संगनमतानं एकच बोलीदार उभा करून मिळकत पदरात पाडून घेतल्याच्या तक्रारी सहकाराला नव्या नाहीत, आणि राखीव किंमत हाच त्यावरचा एकमेव अडसर आहे असं मानणारे वकील या गावात पुष्कळ आहेत. तरीही चढ्या आकड्यानं कर्जदाराचं भलं होतं असं दिसत नाही. लिलाव जितके फसतात तितकं व्याज चढतं.

बाजारमूल्याच्या आकड्यामागंही एक सावली आहे : रेडी रेकनर, म्हणजे मिळकतींच्या सरकारी दरांचा तक्ता. त्याच्या खाली जायला मूल्यांकक कचरतो. पण 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर शहरातल्या काही भागांकडे खरेदीदार वेगळ्या नजरेनं बघू लागला. पूररेषेतल्या तळमजल्याचा सरकारी दर आणि खरेदीदाराच्या मनातला दर यांत जे अंतर पडलं, ते नोटिशीत उतरायला दोन-तीन फसलेले लिलाव जावे लागले.

लिलाव फसला की पुढं काय, याचंही वळण ठरून गेलं. 2016 च्या नोव्हेंबरात नियम बदलले. ई-लिलाव हा शब्द त्यांत आला आणि फेरलिलावाला तीसऐवजी पंधरा दिवसांची नोटीस पुरेशी झाली. फेरी लवकर फिरू लागली आणि दर फेरीला थोडी कपात करायची सवय जडली. मिळकती बघणाऱ्या दलालांनी हे वळण केव्हाच ओळखलं. गिऱ्हाइकाला ते उघड सांगतात, ‘आत्ता थांबा, पुढच्या नोटिशीला बघू.’ कपात होणार हे ठाऊक असेल तर पहिल्या फेरीत अनामत भरणारा भोळाच म्हणायचा. बोलीदार आणण्यासाठी केलेली कपातच त्याला थांबवून धरते. एकदाच नीट उतरून थांबलेला आकडा कदाचित चालला असता, पण तसं करायला कुणीतरी सही करावी लागते.

हीच गोष्ट देशपातळीवर मोठ्या आकड्यांत घडली. मोबाइल सेवेच्या लहरी सरकार लिलावानं विकतं. 2010 च्या थ्री-जी लिलावात 34 दिवस, 183 फेऱ्या बोली चालली आणि सुमारे 67,700 कोटी रुपये आले. त्या यशाच्या हिशेबानं 2012 मध्ये राखीव किंमत चढी ठेवली, तर दिल्ली, मुंबई, कर्नाटक, राजस्थानकडे कुणी फिरकलं नाही आणि 9,400 कोटींवर लिलाव आटोपला. 700 मेगाहर्ट्झच्या लहरींची राखीव किंमत 2016 मध्ये मेगाहर्ट्झमागं 11,485 कोटी होती, विक्री शून्य. 2021 मध्ये 6,568 कोटी, पुन्हा शून्य. 2022 मध्ये 3,927 कोटींवर एका कंपनीनं त्या राखीव किमतीलाच उचलल्या. दोनदा थांबलेल्याला तिसऱ्यांदा निम्म्याहून कमीत मिळालं.

जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांनाही या दुखण्याचा अनुभव आहे, फक्त तिथं आकडा दिल्लीहून येतो. जून 2018 मध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला 29 रुपये ठरला, फेब्रुवारी 2019 मध्ये 31. निविदा कागदावर काढा की पोर्टलवर, त्याखाली देकार घेता येत नाही. उठाव नसला की गोदामं भरलेली आणि तारण कर्जाचं व्याज चालू. ऊस उत्पादकाची एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्यानं ठरलेला किमान दर, निघावी म्हणून हा तळ हवाच, यावर इथं फारसं दुमत नाही. त्यामुळे या उदाहरणाचा बँकेच्या लिलावाशी मेळ घालताना जपून घालावा.

पोर्टलं दरम्यान सुधारली. 2019 च्या डिसेंबरात सरकारी बँकांच्या लिलावांसाठी सामायिक पोर्टल आलं, 2025 च्या सुरुवातीला त्याची नवी आवृत्ती. फोटो, नकाशा, ताबा प्रत्यक्ष आहे की नुसता सांकेतिक हे एका जागी दिसू लागलं. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळे ऐनवेळी टपकून मिळकत लाटायची वाट बंद झाली. खरेदीदाराचे पैशाचे नियम मात्र तसेच कडक आहेत : बोली मान्य झाली की लगेच, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत 25 टक्के आणि उरलेले 75 टक्के पंधरा दिवसांत. मुदत वाढवून मिळालीच तर तीन महिन्यांच्या आत. गृहकर्जावर घर घेणारा नोकरदार या वेळापत्रकात बसत नाही. त्याला बसवल्याशिवाय बोलीदारांची संख्या फारशी वाढायची नाही, राखीव किंमत कितीही खाली आणली तरी. प्रत्यक्ष ताबा नसलेल्या मिळकतीला तर बोलीबरोबर आतल्या माणसाला बाहेर काढायचं कामही विकत घ्यावं लागतं. बाजार त्याची किंमत वजा करतो, मूल्यांकन अहवालात मात्र ती क्वचितच वजा केलेली दिसते.

दोन-तीन ई-लिलाव फसले की काही बँका नियमांतल्याच दुसऱ्या मार्गानं, खाजगी कराराद्वारे विक्रीकडे वळतात. राखीव किमतीचे वाद त्यानंही मिटत नाहीत. न्यायाधिकरणानंतर रिट याचिकेसाठी मुंबई गाठावी लागायची, तेव्हा लहान कर्जदार आणि लहान पतसंस्था दोघंही निम्म्यात सोडून द्यायचे. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसू लागलं आहे आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या याचिका इथं येतात. नवव्या नियमातली ती दोन परंतुकं आता याच गावात वाचली जातील.