खोडलेला आकडा

माझ्या कपाटात गेली सहा वर्षं एक लोकरीचं जाकीट टांगलेलं आहे. राहते मुंबईत. इथे किमान तापमान पंधरा अंशांच्या खाली उतरलं की 'मुंबई गारठली' अशी बातमी होते, आणि ती गारठलेली मुंबई सकाळी दहा वाजता पुन्हा घामाघूम झालेली असते. तर हे जाकीट मी घेतलं जुलैत.

त्या दिवशी स्टेशनवरून चालत निघाले आणि छत्री उलटी झाली. पाऊस ओसरेपर्यंत थांबू म्हणून एका मॉलमध्ये शिरले. आत एसी असा, की ओली ओढणी पाठीला बर्फासारखी चिकटली. समोरच सेलचा लाल फलक, आणि त्याखाली हे जाकीट. टॅगवर ४,९९९ रुपये खोडलेले, शेजारी १,९९९. अंगात घालून बघितलं, ऊब आली, आणि पाच मिनिटांत बिल झालं. बाहेर आले तेव्हा पाऊस थांबला होता आणि उकडत होतं.

माझा हा वेंधळेपणा अभ्यासकांनी आकड्यांत पकडलेला आहे हे मला नंतर कळलं. अमेरिकेत कॅटलॉग बघून कपडे मागवण्याची जुनी पद्धत आहे. कॉनलिन, ओ'डोनोह्यू आणि फोगेलसँग या तीन अर्थतज्ज्ञांनी अशा वीस लाखांहून अधिक ऑर्डरी तपासल्या आणि २००७ साली निष्कर्ष मांडले. हिवाळी कपडा ज्या दिवशी मागवला त्या दिवशी थंडी जितकी कडक, तितकी तो पुढे परत पाठवला जाण्याची शक्यता जास्त. तापमान ३० अंश फॅरनहाइटने, म्हणजे आपल्या हिशेबात १७ अंश सेल्सियसने, खाली असेल तर ही शक्यता जवळपास ४ टक्क्यांनी वाढते. आकडा छोटा वाटेल. पण गंमत अशी, की कपडा घरी पोहोचायचा काही दिवसांनी आणि वापरायचा कित्येक महिने. मागवण्याच्या दिवशीच्या हवेचा त्याच्याशी संबंधच काय? तरीही मन आजच्या कुडकुडण्यावरून उद्याची गरज ठरवतं. गाड्यांच्या खरेदीतही पुढे हेच दिसलं: छप्पर उघडणाऱ्या गाड्या लख्ख उन्हाच्या दिवशी जास्त खपतात. गाडीचं ठीक, अमेरिकन माणूस ती दहा वर्षं चालवील. मला मात्र एसीतली थंडी पुरली.

पण थंडीने अर्धंच काम केलं. उरलेलं केलं त्या खोडलेल्या आकड्याने.

१९७४ साली आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांसमोर एक चक्र फिरवलं. त्यावर ० ते १०० आकडे होते, पण चक्र असं बनवलेलं होतं की ते १० वर किंवा ६५ वरच थांबे. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? ज्यांना १० दिसला त्यांचा मधला अंदाज २५ टक्के. ज्यांना ६५ दिसला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नाही हे सगळ्यांना दिसत होतं. तरी पहिला आकडा मनात नांगर टाकून बसला आणि विचाराची होडी त्याच्याभोवतीच फिरत राहिली.

आता फॅशन स्ट्रीट आठवा. माझी आत्या तिथे जायची तेव्हा विक्रेत्याने 'आठशे' म्हणायचा अवकाश, ती 'दोनशे' म्हणून मोकळी. विक्रेता हसायचा, कपाळावर हात मारायचा, ती दोन पावलं पुढे जायची, तो हाक मारायचा. साडेतीनशेला व्यवहार व्हायचा. आत्याने मानसशास्त्राचं पुस्तक कधी उघडलं नसेल. पण समोरच्याने नांगर टाकला की लगेच आपला टाकायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि मुख्य म्हणजे, आठशे हा आकडा खोटा आहे हे विक्रेता, आत्या आणि शेजारी उभी असलेली मी, तिघांनाही माहीत असायचं.

मॉलमधल्या टॅगशी घासाघीस करता येत नाही. तो छापील असतो, त्यावर एमआरपी लिहिलेलं असतं, त्यामुळे तो सरकारदरबारी मोजून ठरवल्यासारखा वाटतो. वास्तविक ही किंमत कपडा बनवणारी किंवा विकायला आणणारी कंपनी स्वतः ठरवते. कायदा एवढंच म्हणतो की करांसह यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. एमआरपी ही कमाल किंमत, मोल नव्हे. म्हणजे ती पुष्कळदा फॅशन स्ट्रीटच्या 'आठशे'चीच सख्खी बहीण असते, फक्त इस्त्री केलेली.

हा खोडलेला आकडा इतकं सुख का देतो, याचं उत्तर रिचर्ड थेलर यांनी दिलं. हे २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी. त्यांचं म्हणणं असं, की खरेदीत आपल्याला दोन वेगळे आनंद होतात. एक वस्तू मिळाल्याचा, दुसरा सौदा साधल्याचा. त्यांनी एका मैत्रिणीचा किस्सा सांगितला आहे. ती पलंगपोस घ्यायला गेली. तीन मापं होती: २००, २५० आणि ३०० डॉलरची. त्या आठवड्यात तिन्हींची किंमत १५० डॉलर. तिने सर्वांत मोठा घेतला. घरचा पलंग सर्वांत लहान मापाचा होता, पलंगपोस कडेने लोंबत राहिला. पण निम्मी किंमत वाचली ना!

हा दुसरा आनंद काढून घेतला तर काय होतं, याचा एक महागडा प्रयोगही होऊन गेला. अमेरिकेतल्या जेसी पेनी या जुन्या दुकानसाखळीने २०१२ साली सारखे सेल, कूपन हा प्रकार बंद केला आणि रोजच कमी, सरळ किमती लावल्या. गिऱ्हाईक खूश व्हायला हवं होतं. वर्षभरात विक्री सुमारे एक चतुर्थांशाने घटली, एप्रिल २०१३ मध्ये मुख्य अधिकाऱ्याला जावं लागलं आणि कूपनं परत आली. लोकांना स्वस्त हवं असतं हे खरं. पण स्वस्तात मिळाल्याचं वाटणं त्याहून जास्त हवं असतं.

डोक्यात त्या क्षणी काय चालतं? ब्रायन नट्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २६ जणांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून खरेदी करायला लावली. आधी वस्तू दाखवायची, मग किंमत, मग घेणार का ते विचारायचं. आवडती वस्तू दिसताच मेंदूच्या आत खोलवर असलेला, बक्षिसाची चाहूल घेणारा भाग जागा व्हायचा. किंमत अवाजवी वाटली की इन्सुला नावाचा दुसरा भाग, जो वेदना आणि किळस यांतही सामील असतो, तो कुरकुरायचा. या हालचालींवरून माणूस ती वस्तू घेणार की नाही याचा अंदाज, त्याने बटण दाबण्याआधीच बांधता येत होता. अशा चित्रांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत या मताची मी आहे. पण सेलच्या रांगेतली ओढाताण याच्याशी जुळते: एकीकडे हाव, दुसरीकडे खिशाची कळ. सेलचा फलक दुसरी बाजू शांत करतो.

तेच काम पैसे देण्याची पद्धतही करते. प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी बोली लावली. रोख द्यायचे आहेत असं सांगितलेल्यांपेक्षा कार्डवाल्यांची सरासरी बोली दुपटीहून जास्त होती. आई भाजीबाजारात निघताना पाकिटात मोजून नोटा ठेवते. मी फोन घेऊन निघते, कोड स्कॅन करते, टुंग वाजतं. नोट हातातून सुटताना जी बारीकशी कळ यायची तिची जागा त्या टुंगने घेतली आहे.

बाकीच्या युक्त्या धावतच सांगते. ९ वर संपणारी किंमत: एका कपड्यांच्या कॅटलॉगमध्ये तोच ड्रेस ३४ डॉलरपेक्षा ३९ डॉलरला जास्त खपला. 'फक्त दोनच उरले': १९७५ च्या एका प्रयोगात बरणीत दहाऐवजी दोनच बिस्किटं ठेवली, तर लोकांना तीच बिस्किटं अधिक मोलाची वाटली. ऑनलाइन दुकानांतली उलटी पळणारी घड्याळं याच जातीची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली, त्यात 'खोटी घाई' ही एक आहे. आणि 'फ्लॅट ५० टक्के, वर आणखी २० टक्के' म्हणजे ७० टक्के नव्हे. दोन हजारांचे आधी हजार होतात, मग हजारावर वीस टक्के सुटतात, उरतात आठशे. सूट साठ टक्के. शाळेतलं गणित आहे, पण हातात हँगर असताना सुचत नाही.

हे सगळं वाचून सेल म्हणजे निव्वळ फसवणूक असं कुणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. दुकानदाराची अडचण खरी असते. जुलैत उन्हाळी माल गोदामात अडकून राहिला तर गणपती, दसरा, दिवाळीचा माल ठेवायला जागा नाही आणि भरायला पैसा नाही. फॅशनचा माल शिळ्या भाजीसारखा, दर आठवड्याला त्याचं मोल उतरतं. तेव्हा तो खरोखरच कमी नफ्यात किंवा तोट्यात काढला जातो. आणि इथे मुंबईकराचा एक फायदा आहे, जो आपण घेत नाही. कंपन्यांचा हंगाम थंडी पडणाऱ्या मुलखाच्या हिशेबाने चालतो. त्यांच्या दृष्टीने जुलैत उन्हाळी कपड्यांचा जीव संपत आलेला असतो; आपल्याकडे सुती, लिननचे, अर्ध्या बाह्यांचे कपडे वर्षातले दहा महिने चालतात. त्यामुळे जुलैचा सेल खरं तर आपल्यासाठीच आहे. जानेवारीचा, ज्यात स्वेटर आणि जाकिटं निघतात, तो मनालीचं तिकीट काढलेल्यांसाठी. मी मूर्खासारखी जुलैत जाऊन, कुठल्या तरी गेल्या थंडीचं उरलेलं जाकीट घेऊन आले.

किमतीच्या टॅगइतकंच आतलं बारीक लेबल वाचलं तरी पुष्कळ काम होतं. कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण ७-८ टक्के ओलावा हवेतूनच धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून विरार लोकलमध्ये पॉलिएस्टरचा कुर्ता अंगाला चिकटतो. पण तोच ऑगस्टमध्ये गॅलरीतल्या दोरीवर रात्रीत वाळतो, आणि जाड सुती पँट तीन दिवस कुबट वास मारते. रेयॉन अंगाला गार आणि सुळसुळीत, मात्र ओला झाला की त्याचा धागा बराच कमजोर होतो. पिळून वाळत घालणाऱ्या घरात तो लवकर जातो. यातलं काय हवं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण खोडलेल्या आकड्याकडे बघत नव्हे.

ठरवायची जागा घर. दुकानात ठरवायला गेलं की उशीर झालेला असतो, कारण २००९ मध्ये पेक आणि शू यांनी दाखवलं की वस्तू नुसती हाताळली तरी ती आपलीच असल्याची भावना वाढते. ट्रायल रूममध्ये तर आपण ती अंगावरच चढवतो. पीटर गोल्वित्झर हे मानसशास्त्रज्ञ 'जर-तर' पद्धतीचा संकल्प सुचवतात: नुसतं 'उधळपट्टी करणार नाही' म्हणायचं नाही, तर 'अमुक झालं तर मी तमुक करीन' असं आधीच बांधून ठेवायचं. माझे दोन आहेत. कपडा आवडला तर आधी फोनमधला माझ्याच कपाटाचा फोटो उघडायचा. (चार निळे कुर्ते एका ओळीत बघितले की पाचव्याची हौस आपोआप फिटते.) आणि खोडलेला आकडा दिसला तर त्यावर अंगठा ठेवून उरलेला वाचायचा: रस्त्यावरच्या गाडीवर हे १,९९९ ला असतं, तर मी थांबले असते का?

गेल्या आठवड्यात दुपारी बोहारीण आली. आईने जुन्या साड्या, बाबांच्या पँटी काढल्या, मी जाकीट आणलं. तिने ते उलटंसुलटं केलं, अस्तर चाचपलं आणि बाजूला ठेवत एक लहानशी वाटी पुढे केली. मला रागच आला. दोन हजारांचं जाकीट! कानमन, थेलर आणि क्नेच यांचा १९९० चा कपांचा प्रयोग मला तोंडपाठ आहे: ज्यांना कॉफीचा कप फुकट दिला, त्यांनी तो विकताना, घेणारे जेवढी द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट किंमत मागितली, निव्वळ तो आता त्यांचा होता म्हणून. तोंडपाठ असूनही मी डबा मागितला, तोही झाकणाचा.

"कोण घेणार ताई हे, इकडे?" ती म्हणाली. "वाटी घ्या, नाहीतर राहू द्या."

मी राहू दिलं. ते पुन्हा कपाटात आहे.