पोलादाचे शीत लाटण : फायदे आणि तोटे

पोलादाची पट्टी पुनर्स्फटिकीकरणाच्या (धातूतले स्फटिक नव्याने घडण्याच्या) तापमानाखाली, बहुधा खोलीच्याच तापमानाला, फिरत्या रुळांमधून दाबून पातळ करण्याच्या प्रक्रियेला शीत लाटण म्हणतात. तिची सुरुवात तप्त लाटणानेच होते. गरम लाटलेली, साधारण 2 ते 5 मिमी. जाडीची गुंडाळी घेऊन तिच्यावरची निळसर-काळी खपली हायड्रोक्लोरिक आम्लात उतरवतात. मग चार-पाच रूळसंचांच्या मालिकेतून ती ओढतात. जाडी बहुधा निम्म्याहून खाली येते.

गरम धातूत चेपलेले स्फटिककण लगेच नव्याने घडतात. थंड धातूत ते चेपलेले, लांबटच राहतात आणि त्यांच्यातील स्थानच्युतींची (अणूंच्या रांगांमधील दोषांची) गर्दी इतकी वाढते की त्या एकमेकींची वाट अडवतात. त्यामुळे बळ वाढते आणि त्याच कारणाने तन्यता, म्हणजे न तुटता ताणले जाण्याची क्षमता, जाते. मऊ, कमी कार्बनच्या पोलादाची सुमारे 200 मेगापास्कलची नमनसीमा (जिच्यापुढे धातू कायमचा आकार बदलतो ती मर्यादा) भरपूर लाटल्यावर 550 च्या वर जाते. पण 40 टक्क्यांच्या आसपास ताणला जाणारा पत्रा मग जेमतेम काही टक्के ताणला जातो. असा कडक पत्रा लाटणाच्या दिशेला समांतर दुमडला, तर घडीच्या बाहेरच्या अंगाला चटकन तडा जातो. आडवी घडी त्या मानाने सुखरूप निघते.

बळापेक्षाही हा पत्रा घेतला जातो तो पृष्ठभागासाठी आणि मापासाठी. रंग एकसारखा बसतो, जाडी मिलिमीटरच्या शतांशांत सांभाळता येते. मात्र खपली गेल्याने धातू उघडा पडतो. तेल पुसलेल्या पत्र्यावर घामट बोट टेकले, तर काही दिवसांत बोटाचा ठसा तांबूस गंजात उमटलेला दिसतो.

आत कोंडलेला ताण हा यंत्रकाम करणाऱ्यांचा खरा त्रास आहे. शीत लाटलेल्या सरळ पट्टीच्या एकाच बाजूला लांब खाच पाडून व्हाइस सैल केला की पट्टी धनुष्यासारखी वाकते, कारण खाचेसोबत ताणाचा समतोलही कापला जातो. जोडकामात वेल्डलगतचा भाग पुन्हा मऊ पडतो. शिवाय आम्लधुलाई, लाटण आणि अनुशीतन (तापवून मऊ करणे) या जादा पायऱ्यांमुळे खर्च वाढतो.

‘शीत लाटलेले म्हणजे अधिक मजबूत’ हा समज अर्धाच खरा आहे. बाजारातला बराचसा पत्रा लाटल्यानंतर 700 अंश सेल्सिअसच्या आसपास अनुशीतन करून मुद्दाम मऊ केलेला असतो. मोटारीचे दरवाजे त्यातूनच दाबून घडवता येतात. उलट, लाटण आणि अनुशीतन यांच्या जोडीने स्फटिक एका दिशेला वळवणे ही याच पद्धतीची मोठी देणगी. अमेरिकी धातुतज्ज्ञ नॉर्मन गॉस यांनी 1934 मध्ये पेटंट घेतलेले सिलिकॉन-पोलाद त्यातूनच आले आणि रोहित्रांच्या गाभ्यात त्याने ऊर्जेची गळती कमी केली.

अनुशीतनानंतर पत्र्याला शेवटचे हलके, जेमतेम एक टक्क्याचे लाटण देतात. ते नसेल, तर साच्यात दाबताना पत्र्यावर लाटांसारख्या ताणरेषा उमटतात. साध्या पोलादात हा उपाय कायमचा नसतो. पत्रा महिनोन्‌महिने पडून राहिला, की कार्बन आणि नायट्रोजनचे अणू पुन्हा स्थानच्युतींभोवती जमतात आणि त्या रेषा परततात.