पत्रा गळतोय की पत्र्याला घाम फुटलाय?

स्वतः बांधलेल्या शेडमध्ये पहिल्यांदा डोक्यावर थेंब पडला की मनात एकच शब्द येतो: गळती. माझ्याही मनात तोच आला. सकाळी सातला परसातल्या शेडचं दार उघडलं, तर खोऱ्याच्या दांड्यावर, रंगाच्या डब्यांच्या झाकणांवर, रचून ठेवलेल्या खोक्यांवर, सगळीकडे पाण्याचे टिपके. शिडी लावून वर चढलो आणि एकूण एक स्क्रूच्या डोक्यावर सीलंट फासलं. आठवड्याने पुन्हा तेच. मग वळचणीला भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये पन्हळीच्या आकाराची जी फट राहते, तीही फोम कोंबून बंद केली. त्यानंतर थेंब कमी व्हायचे ते दुपटीने वाढले. त्या सगळ्या दिवसांत एकदाही पाऊस पडलेला नव्हता, हे लक्षात यायला मला फार उशीर लागला.

पत्र्याच्या आतल्या बाजूला दिसणारं पाणी दोन वाटांनी येतं. एक म्हणजे बाहेरचं पाऊसपाणी भोकातून किंवा जोडातून आत शिरतं, ती गळती. दुसरं पाणी मुळात शेडच्या आतच असतं, हवेत मिसळलेलं. रात्री पत्रा गार पडला की ते त्याच्यावर जमतं आणि टपकतं. त्याला पत्र्याचा घाम म्हणतात. खाली ठेवलेल्या सामानाला दोन्ही सारखीच भिजवतात, पण इलाज एकमेकांच्या उलट आहेत. गळतीला भोक बुजवावं लागतं, घामाला वाट मोकळी करून द्यावी लागते. म्हणून सीलंटची नळी हातात घेण्याआधी पाणी कुठलं आहे ते ठरवायला हवं. मी ते केलं नाही आणि घामाची उरलीसुरली वाट स्वतःच्या हाताने बंद केली.

हवेत वाफ किती मावते हे तापमानावर ठरतं. ३० अंश सेल्सिअसला १ घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं, २० अंशांना १७ ग्रॅम आणि १० अंशांना जेमतेम साडेनऊ. हवा गार होत गेली की जादाची वाफ कुठेतरी टेकते, आणि टेकायला तिला सगळ्यात गार जागा लागते. शेडमध्ये ती जागा म्हणजे छपराचा पत्रा. तो पातळ असल्यामुळे त्याच्यात उष्णता फारशी साठत नाही. निरभ्र रात्री तर तो आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. गवतावर दव पडतं ते याच कारणाने. ढगाळ रात्री ढगांकडून उष्णता परत खाली येत राहते, म्हणून त्या सकाळी पत्रा बहुतेक कोरडा सापडतो.

इथे एक छोटा हिशेब करून बघण्यासारखा आहे, कारण माझे डोळे त्यानेच उघडले. शेड ३ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि सरासरी २.२ मीटर उंच धरली, तर आत साडेसोळा घनमीटर हवा होते. संध्याकाळी आत २५ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेत दर घनमीटरला १८ ग्रॅमच्या आसपास पाणी आहे. रात्री पत्रा आणि त्याच्या जवळची हवा १५ अंशांवर उतरली, तर तिथे १३ ग्रॅमच्या वर वाफ टिकत नाही. अख्खी हवा पत्र्याला लागून फिरून गेली असं धरलं तरी निघणारं पाणी ९० ग्रॅमच्या घरात, म्हणजे अर्धा पेलाही नाही. मग रोज सकाळी सगळं सामान चिंब करण्याइतकं पाणी येतं कुठून?

येतं ते खालून. उघडी माती असेल तर ती रात्रंदिवस वाफ सोडत असते. वरचा थर कोरडा दिसला तरी वीतभर खाली ओल असतेच. काँक्रीटचा कोबा असेल आणि त्याच्याखाली प्लास्टिक अंथरलेलं नसेल, तर जमिनीची ओल कोब्यातून वर चढते. कोबा नवा असेल तर त्याच्या स्वतःच्या पोटातही पाणी असतं. काँक्रीट सुकायला दर २५ मिलिमीटर जाडीला एक महिना लागतो असा बांधकामातला ढोबळ हिशेब आहे, म्हणजे १०० मिलिमीटरचा कोबा चार महिने वाफ सोडत राहणार. नवी शेड पहिल्याच थंडीत जास्त घामते त्याचं मोठं कारण हे. सांगाड्याचं लाकूड ओलं असेल तर त्याची भर पडते. गवत कापून तसंच आत ढकललेलं यंत्र, ओली ताडपत्री, न निथळलेल्या कुंड्या यांचीही. आणि गारठा घालवायला आत रॉकेलचा किंवा गॅसचा उघडा शेगडीसारखा हीटर लावू नका. १ किलो रॉकेल जळताना १ किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. बंद जागेत विषारी धुराचा धोका आहे तो वेगळाच.

गळतीचं शास्त्र यापेक्षा सोपं आहे, फक्त तिची जागा सापडणं कठीण. पाणी जिथून शिरतं तिथेच पडेल असं नसतं. पत्र्याच्या पोटाला चिकटून ते उताराने खाली सरकतं, पर्लिनला, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या पट्टीला, अडतं, तिच्या कडेने बाजूला जातं आणि भोकापासून हात-दोन हात दूर टपकतं. शिरण्याच्या नेहमीच्या जागा मात्र ठरलेल्या आहेत: स्क्रूची भोकं, दोन पत्र्यांचे जोड, माथ्याची पट्टी आणि छप्पर भिंतीला टेकतं तो सांधा. पैकी स्क्रू जवळून बघा. त्याच्या डोक्याखाली धातूची चकती असते आणि चकतीखाली काळं रबर. नीट आवळलेल्या स्क्रूचं रबर चकतीच्या कडेबाहेर किंचित फुगून दिसतं. कमी आवळलेला स्क्रू बोटाने चकती फिरवू देतो. जास्त आवळला असेल तर रबर पिचकून बाहेर येतं आणि पन्हळ चेपून तिथे खळगा पडतो. त्या खळग्यात पाणी साचतं आणि तेच पुढे आत शिरतं. ड्रिल मशिनने पटापट स्क्रू मारताना हा तिसरा प्रकार फार होतो. शेवटचे एक-दोन फेरे सावकाश द्या.

जोडांची गोष्ट थोडी फसवी आहे. दोन पत्रे एकमेकांवर घट्ट बसले की मधल्या बारीक फटीत पाणी उताराच्या विरुद्धही चढतं, फडक्याचं टोक पाण्यात बुडवल्यावर ओल वर चढते तसंच. पत्र्यावर पत्रा खाली-वर जोडायचा असेल तर दीडशे मिलिमीटरचा चढाव, म्हणजे एकावर एक येणारा भाग, किमान हवा, उतार कमी असेल तर दोनशे किंवा अधिक. छोट्या शेडला मात्र माझा सल्ला सरळ आहे. माथ्यापासून वळचणीपर्यंत एकच अखंड पत्रा घ्या, म्हणजे आडवा जोडच राहत नाही. बाजूच्या जोडाचं तोंड वाऱ्या-पावसाच्या नेहमीच्या दिशेकडे करू नका.

आता ओळखायचं कसं? सगळ्यात आधी वेळ बघा. पाऊस नसताना, निरभ्र रात्रीनंतरच्या पहाटे पाणी दिसलं आणि ऊन वर आल्यावर तासाभरात पत्रा कोरडा झाला, तर तो घाम. पाऊस सुरू झाल्यावर थोड्या वेळाने टपकायला लागलं आणि पाऊस थांबल्यावर हळूहळू थांबलं, तर गळती. अडचण होते ती पावसाळी दिवसांनंतर. जमीन भिजलेली असते, आकाश मोकळं होतं, रात्री गारवा येतो आणि सकाळी पत्र्याखाली पाणी दिसतं. कालच पाऊस झालेला असल्यामुळे कोणीही गळतीच म्हणणार. अशा वेळी पत्र्याच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा. बोटामागे पाटीवर ओढल्यासारखी स्वच्छ रेघ उमटली आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक थेंबांची साय दिसली, तर तो घाम. गळतीचं पाणी असं सगळीकडे पसरत नाही. त्याला वाट असते, एक ओघळ असतो, आणि वाळल्यावर त्या ओघळाच्या कडेला धुळीची किंवा गंजाची तपकिरी रेघ राहते.

एका खुणेने मात्र मला पुरतं चकवलं होतं. पत्र्यातून आत डोकावणाऱ्या प्रत्येक स्क्रूच्या टोकाला एकेक थेंब लटकत होता. स्क्रूजवळ पाणी दिसतंय म्हणजे स्क्रूच गळतोय, असं कोणालाही वाटेल. पण स्क्रूचं टोकही गारच पडलेलं असतं, त्यावर वाफ जमते आणि खाली ओघळणारा थेंब टोकावर येऊन थांबतो. सगळ्या स्क्रूंना सारखाच थेंब असेल तर तो घाम समजा. एकाच स्क्रूला असेल तर वर चढून त्याचं रबर तपासा.

शंका उरलीच तर कोरड्या दुपारी नळीने पाणी मारून बघा. एक जण आत विजेरी घेऊन, दुसरा बाहेर नळी घेऊन. सुरुवात वळचणीपासून करा आणि टप्प्याटप्प्याने माथ्याकडे जा, प्रत्येक टप्प्याला पाच-दहा मिनिटं द्या. वरून सुरू केलं तर पाणी अख्ख्या छपरावरून वाहतं आणि नेमकं कुठे शिरलं ते कळत नाही. नळीचं तोंड पत्र्याच्या जोडात खालून वर धरू नका. पाऊस तसा पडत नाही, त्यामुळे चांगला जोडही खोटा ठरेल. त्याआधीची सोपी खूण म्हणजे भर दुपारी दार लावून आत अंधारात उभं राहणं. मोठं भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो.

जमिनीची ओल तपासायला जाड प्लास्टिकचा अर्धा मीटर चौरस तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस-रात्र जाऊ द्या. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला पाणी जमलं किंवा कोबा तिथे काळपट झाला, तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूला दव असेल तर ती हवेतली. मी तुकडा उचलला तेव्हा खालून पाण्याची धार निथळली. सीलंट लावण्यात घालवलेले सगळे दिवस त्या एका तुकड्याने वाचवले असते.

शेड अजून बांधायची असेल तर घामाचा बंदोबस्त पायापासून करा, कारण नंतर कोब्याखाली प्लास्टिक घालता येत नाही. खडीचा थर, त्यावर निदान ०.१५ मिलिमीटर, जमल्यास ०.२५ मिलिमीटर जाडीचं पॉलिथिन, जोडांना वीतभर चढाव, आणि मग काँक्रीट. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवा. हवेला आत यायला खाली आणि बाहेर जायला वर, अशा दोन्ही ठिकाणी जाळ्या हव्यात. फक्त खाली ठेवून चालत नाही, कारण दमट ऊबदार हवा माथ्याशी साठते. घराच्या माळ्यांसाठी क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतकी मोकळी जागा ठेवण्याचा ढोबळ नियम आहे. तो शेडला लावला तर साडेसात चौरस मीटरला ५०० चौरस सेंटिमीटर येतात. म्हणजे १० बाय २५ सेंटिमीटरची एक जाळी वर आणि तेवढीच एक खाली, समोरासमोरच्या भिंतींवर. वर आडव्या तिरक्या पट्ट्यांची झडप लावली की त्यातून पाऊस येत नाही.

पण हवा खेळती ठेवल्याने घाम पूर्ण जाईलच असं मी सांगणार नाही. वायुवीजनाने आतली हवा फार तर बाहेरच्या हवेइतकी कोरडी होते, आणि पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडू शकतो हे वर आलंच आहे. जिथली हवाच दमट असते तिथे पत्र्याच्या पोटाला काहीतरी लावावंच लागतं. एक पर्याय म्हणजे आतून लोकरीसारखं अस्तर चिकटवलेला पत्रा. तो रात्रीचं पाणी धरून ठेवतो आणि दिवसा सोडतो. दुसरा पर्याय बंद पेशींच्या फोमचा (ज्यातले बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात अशा) थर, पत्र्याला मध्ये फट न ठेवता चिकटवलेला. फट राहिली तर हवा मागे शिरते आणि घाम नजरेआड चालू राहतो. गोदामासारख्या साध्या वापराला मला अस्तराचा पत्रा बरा वाटतो, मात्र हवा खेळती नसेल तर तोही सुकत नाही आणि कुबट होतो.

माझ्या छपराचा शेवट असा झाला. वळचणीतला फोम काढला, दोन्ही त्रिकोणी भिंतींना जाळ्या बसवल्या आणि कोब्यावर जाड प्लास्टिक अंथरून त्यावर फळ्या टाकल्या. सकाळचे टिपके जवळजवळ बंद झाले. पुढच्या पावसात एकाच कोपऱ्यात, दर वेळी त्याच जागी, पाणी टपकलं. ती खरी गळती होती. घामाच्या गोंधळात ती इतके दिवस दिसलीच नव्हती. वरून मी फासलेलं सीलंट खरवडून काढलं, तर खाली एका स्क्रूचं रबर पिचकलेलं निघालं. स्क्रू काढला, त्याहून एक माप जाड स्क्रू नव्या चकतीसह घातला आणि रबर किंचित फुगेपर्यंतच आवळला. सीलंटची गरज पडली नाही. लावायचंच झालं तर गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका. त्यातलं आम्ल जस्ताचा थर खातं. नळीवर न्यूट्रल लिहिलेलं आहे का ते वाचून घ्या.