कुत्रा उठून गेला, तर त्याला जाऊ द्यायचं

समुपदेशकाच्या खोलीत दोन खुर्च्या असतात आणि त्यांवर बसलेल्यांना एकमेकांच्या नजरेतून सुटका नसते. बोलायची सवय असलेल्यांना हे जमून जातं. पण शाळेचं नाव काढलं की ज्याच्या पोटात गोळा येतो असा दहावीतला मुलगा, किंवा तरुण लेक गमावलेली बाई, यांना ती समोरची नजरच जड होते. हीच माणसं टेकडीवरच्या पायवाटेने समुपदेशकाच्या शेजारून चालताना, पुढे हुंगत निघालेल्या कुत्र्याकडे बघत बघत, खोलीत महिनाभर न निघालेली गोष्ट सांगून जाऊ शकतात. निसर्ग आणि कुत्रा सोबत घेऊन केलेल्या समुपदेशनाचं पहिलं बळ यात आहे. दोघांनाही बघायला तिसरं काहीतरी मिळतं.

न्यूयॉर्कमधले बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना हे योगायोगाने उमगलं. एकदा एक अबोल मूल ठरल्या वेळेआधीच आईबरोबर आलं. लेव्हिन्सन यांचा जिंगल्स हा कुत्रा तेव्हा तिथेच होता, आणि ते मूल त्याच्याशी रमलं. १९६१ साली लेव्हिन्सन यांनी हा अनुभव मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडला, तेव्हा काहींनी त्यांची थट्टा केली. तरीही १९६२ च्या निबंधात त्यांनी कुत्र्याला ‘सह-उपचारक’ म्हटलं. आज हा शब्द सैलपणे वापरला जातो. मुंबई विमानतळावर प्रवासी ज्या कुत्र्यांना कुरवाळतात, त्यांनी मन हलकं होतं हे खरं, पण तो उपचार नव्हे. उपचार म्हणायचं, तर प्रशिक्षित समुपदेशक हवा, आधी ठरवलेलं उद्दिष्ट हवं, प्रत्येक सत्राची नोंद हवी आणि चार-सहा सत्रांनंतर फरक पडला का, हे तपासायला हवं.

शरीरात काय घडतं, याची बरीच कल्पना आता आली आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ओडेंडाल आणि माइंटजेस यांनी २००३ मध्ये दाखवलं, की शांतपणे कुरवाळल्यावर माणूस आणि कुत्रा या दोघांच्याही रक्तात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक वाढतं, आणि माणसाच्या रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक घटतं. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या २४९ विद्यार्थ्यांवरच्या २०१९ च्या प्रयोगात दहा मिनिटं कुत्र्यामांजरांना प्रत्यक्ष हात लावणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, नुसतं लांबून बघणाऱ्यांपेक्षा किंवा फोटो बघणाऱ्यांपेक्षा कमी भरलं. म्हणजे स्पर्शाला पर्याय नाही. तो स्पर्श मात्र संथ हवा. मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत हात न्यायला आठ-दहा सेकंद लागले पाहिजेत. घाबरलेला माणूस भराभरा थोपटतो. त्याला ‘हळू’ म्हणण्यापेक्षा ‘एका उच्छ्वासात एकदा हात फिरवा’ असं सांगितलं, की हाताबरोबर श्वासही आपोआप लांबतो.

झाडांचा पुरावा याहून जुना आहे. रॉजर उल्रिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या तपासल्या. एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, आणि पहिल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हा निबंध १९८४ चा. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ मधल्या पाहणीत आठवड्याला एकूण १२० मिनिटं निसर्गात घालवणारे स्वतःला अधिक निरोगी आणि समाधानी म्हणवत होते. ती मिनिटं एकाच दिवशी घालवली की तुकड्या-तुकड्यांनी, याने फरक पडला नाही. नोकरदार माणसासाठी हे फार कामाचं आहे.

पण या सगळ्याला मर्यादा आहे. कुत्र्यासोबतचे बहुतेक प्रयोग लहान आहेत, आणि आपल्याजवळ कुत्रा आहे की नाही हे सहभागी माणसापासून लपवता येत नाही. त्यामुळे औषधांच्या चाचणीइतकी खात्री इथे मिळत नाही. तात्पुरती चिंता घटते, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. एकट्या कुत्र्याने दीर्घकाळचं नैराश्य बरं होतं, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. कुत्रा अर्ध्या तासाची उसंत देतो. त्या उसंतीत काम करायचं असतं समुपदेशकाने.

हे काम कसं दिसतं? भिडस्त माणसाला कुत्र्याला ‘बस’ म्हणायला सांगतात. तो विनवणीच्या सुरात चारदा म्हणतो आणि कुत्रा नुसताच बघत राहतो. मग एकच शब्द, खालच्या पट्टीत, ताठ उभं राहून. कुत्रा बसतो. घरी किंवा कचेरीत ‘नाही’ कसं म्हणायचं, याचा सराव तिथून सुरू होतो. उतावळ्या मुलाच्या तळहातावर खाऊ ठेवून मूठ मिटायला लावतात. कुत्रा मुठीपासून नाक मागे घेईपर्यंत ती उघडायची नाही. वाट कुत्रा बघतो, पण थांबायला शिकतं मूल. चालताना हातातली लीश तंग झाली, की क्लायंटला स्वतःच्या खांद्यांकडे लक्ष द्यायला सांगतात. पुष्कळदा ते कानाला लागलेले असतात.

कुत्रा निवडताना जातीला फारसं महत्त्व नाही. लॅब्रेडॉर लोकप्रिय आहे, पण माणसांत वाढलेला गावठी कुत्राही उत्तम काम करतो आणि आपल्या हवेत अधिक टिकतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हात धाप लागते, त्यांना टेकडीवर नेऊ नये. वय किमान एक वर्ष, दोन असेल तर बरं. परीक्षा अशी: पाठीमागे स्टीलचं ताट पाडायचं, कुबड्या घेतलेला माणूस जवळून न्यायचा, अनोळखी व्यक्तीने अंमळ धसमुसळेपणाने जवळ घ्यायचं. दचकणं चालतं, पण काही क्षणांत सावरून तो पुन्हा माणसाकडे यायला हवा. नुसतं सहन करणारा कुत्रा या कामाचा नाही. त्याला माणसांत जावंसं वाटलं पाहिजे.

या निवडीत जे कसोटीला लागतं तेच पुढे प्रत्येक सत्रात लागतं, आणि या पद्धतीतली सगळ्यात मोलाची गोष्टही माझ्या मते तीच आहे: कुत्र्याचा होकार. क्लायंटने आधी तीनच सेकंद हात फिरवायचा आणि थांबायचं. कुत्रा जवळ सरकला, अंग टेकवलं, तर पुढे. मान वळवली, जागचा हलला नाही किंवा उठून गेला, तर तो नकार. उठून जाण्याआधीच्या खुणा बारीक असतात. भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याची पांढरी कड दिसणं, एक पंजा उचलून धरणं, कोरडं असूनही अंग झटकणं. दोन खुणा पाठोपाठ दिसल्या, की स्पर्श बंद. म्हणून कुत्र्याला बांधून कधी बसवायचं नाही, आणि खोलीत पाण्याचं भांडं नि चटई अशा कोपऱ्यात ठेवायची, जिथे त्याच्यामागे कुणी जाणार नाही.

ज्या मुलीचा नकार घरात कुणी कधी ऐकलाच नाही, तिच्यासमोर एखाद्या जिवाने तोंड फिरवावं आणि मोठ्या माणसाने लगेच हात मागे घ्यावा, हे तिला दिसणं फार मोठं असतं. तेव्हा समुपदेशकाने घाईने ‘अगं, तो दमलाय’ असं म्हणून वेळ मारून नेऊ नये. ‘त्याला आत्ता नकोय, म्हणून आपण थांबलो’, एवढंच म्हणावं आणि गप्प बसावं. काही जणांना मात्र हा नकार लागतो: ‘कुत्र्यालाही मी नकोय.’ हे दुःख जुनं असतं. पुढची वीस मिनिटं त्यावरच द्यावी लागतात, आणि ती वाया जात नाहीत.

सत्र ५० मिनिटांचं धरलं, तर पहिली पाच मिनिटं कुत्र्याविना, आठवडा कसा गेला हे विचारण्यासाठी. मग पाच-सात मिनिटं ओळख आणि स्पर्श, वीस-पंचवीस मिनिटं चालणं, आणि ठरलेल्या एकाच झाडाखाली दहा मिनिटं बसणं. शेवटची पाच मिनिटं पुन्हा कुत्र्याविना. झाड दर वेळी तेच हवं. पळस, पांगारा, काटेसावर चांगले, कारण पानं झडलेली असतानाच ते फुलतात आणि दर पंधरवड्याला काहीतरी बदललेलं दिसतं. ‘हे झाड पुन्हा पालवेल, तशा तुम्हीही’ असं समुपदेशकाने चुकूनही म्हणू नये. ती उपमा क्लायंटला सुचली तरच तिला अर्थ. बाहेर पडणंच ज्यांना जड जातं, त्यांना घरी कुंडीत मेथी पेरायला देतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती उगवते, महिनाभरात खुडता येते. गुलाबाचं कलम देऊ नये. ते वाळलं, तर अपयशाच्या यादीत एकाची भर पडते.

कुत्रा आणि क्लायंट दोघांकडे एकट्याने लक्ष देता येत नाही, म्हणून कुत्र्याची खूण वाचणारा वेगळा हँडलर हवा. तो सगळं ऐकतो. त्याच्याकडूनही गोपनीयतेची लेखी हमी घ्यावी आणि क्लायंटला तसं आधी सांगावं. टेकडीवर ओळखीचं कुणी भेटलं तर काय म्हणायचं, हेही पहिल्याच भेटीत ठरवावं. पुण्यातल्या तळजाई किंवा वेताळ टेकडीवर सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते. उन्हाळ्यात थंडावा आणि एकांत एकाच वेळी मिळत नाहीत, तेव्हा एखादी रोपवाटिका किंवा सावलीचं अंगण गाठावं. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे पंजे भाजणार. वाट आदल्या दिवशी चालून बघायची, कारण भटक्या कुत्र्यांच्या टोळीची हद्द कुठून सुरू होते हे तेव्हाच कळतं. ती टोळी आडवी आलीच, तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, आल्या वाटेने सावकाश परतायचं.

आरोग्याच्या बाबतीत ढिलाई चालत नाही. कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी, पावसाळ्याआधी लेप्टोस्पायरोसिसची, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, गोचिडांसाठी औषध महिन्याच्या महिन्याला. कच्चं मांस बंद, कारण त्यातले साल्मोनेलासारखे जंतू त्याच्या तोंडातून आणि विष्ठेतून माणसापर्यंत पोचतात. सत्राआधी आणि नंतर सगळ्यांनी हात धुवायचे. खेळताना ओरखडा उठला किंवा दात लागला, तर कुत्रा लसवंत असला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. रक्त आलं असेल आणि रेबीजची लस आधी घेतलेली नसेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागतं. कातडीत देण्याच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. हँडलर आणि समुपदेशकाने प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवावी.

दमा, ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, कुत्र्याची तीव्र भीती, प्राण्यांना इजा केल्याचा इतिहास, यांची चौकशी पहिल्या कुत्र्याविना झालेल्या भेटीत करायची. कुत्रा अंगणातच असावा, घरात नको, असं मानणाऱ्या घरांतून आलेल्यांना आग्रह करू नये. त्यांच्यासाठी नुसती टेकडी पुरते. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले, तर फिरणं तिथेच थांबतं आणि मनोविकारतज्ज्ञांशी त्याच दिवशी संपर्क होतो. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास आहे.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे कुत्र्याचं वय. नवव्या-दहाव्या वर्षी लॅब्रेडॉर चढावर मागे पडू लागतो, सांधे धरतात. त्याची निवृत्ती क्लायंटला किमान सहा-आठ सत्रं आधी सांगायची. त्या काळात चालणं कमी करत झाडाखालचं बसणं वाढवायचं. शेवटच्या भेटीत क्लायंटला त्याला स्वतःच्या हाताने पाणी द्यायचं असेल, तर देऊ द्यायचं. कुत्रा मधेच उठून चटईवर गेला, तर त्या दिवशीही त्याच्या मागे जायचं नाही. आणि पुढच्या आठवड्यात नवा कुत्रा आणायचा नाही. ती वाट काही दिवस दोघांनीच चालायची.