ग्राफिक्स कार्ड तापतंय? फर्मवेअर अपडेटपासून वॉरंटीत बदलून मिळेपर्यंतची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

‘कार्ड खूप गरम होतंय’ एवढ्या तक्रारीवर सहसा काहीच हाती लागत नाही. सर्व्हिस सेंटरच्या जॉब शीटवर ‘हीटिंग इश्यू’ असं लिहिलं जातं, कार्ड एसी खोलीत उघड्या टेस्ट बेंचवर थोडा वेळ चालवलं जातं आणि ‘नो फॉल्ट फाउंड’ असा शेरा घेऊन घरी परत येतं. येण्याजाण्याचा कुरिअरचा खर्च आणि मधले दोन-तीन आठवडे आपल्या खिशातून जातात ते वेगळेच. म्हणून या प्रक्रियेतलं निम्मं काम सर्व्हिस सेंटरची पायरी चढण्याआधी घरीच करायचं असतं: आकडे जमवायचे.

आधी दोष आहे का ते ठरवा

कार्ड तापणं हा दोष नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०८० ला कंपनीनेच ९३ अंशांपर्यंतची मुभा दिली आहे, आरटीएक्स ४०९० ला ९० अंशांची. एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सचा हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरचा सगळ्यात गरम बिंदू, ११० अंशांपर्यंत चालतो. त्या मर्यादेला टेकलं की कार्ड स्वतःचा वेग कमी करतं. तेव्हा ८० अंश दिसले म्हणून घाबरून तक्रारीचं तिकीट टाकू नये. तसंच डेस्कटॉपवर नुसतं ब्राउझिंग चालू असताना पंखे बंद दिसले तरी बिघाड समजू नये. बऱ्याच कार्डांत साधारण ५०-६० अंशांपर्यंत पंखे मुद्दाम थांबवलेले असतात.

जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी एक चालू ठेवा, नेहमीचा गेम किंवा रेंडर अर्धा तास चालवा आणि कोअर (चिपचं एकूण तापमान), हॉटस्पॉट, मेमरी, पंख्याचा वेग व घड्याळाचा वेग (क्लॉक स्पीड, म्हणजे चिपच्या कामाची गती) यांची लॉग फाइल साठवा. शेजारी साधा थर्मामीटर ठेवून खोलीचं तापमानही टिपा. हे बहुतेक जण विसरतात, आणि तक्रार नेमकी तिथेच लंगडी पडते. समजा मे महिन्यात अकोल्याच्या एका खोलीत ३८ अंश आहेत, कोअर ७२ वर आहे आणि हॉटस्पॉट १०६ वर. हेच कार्ड २४ अंशांच्या एसी खोलीत नेलं की दोन्ही आकडे १४-१५ अंशांनी उतरतील, हॉटस्पॉट ९२ दिसेल आणि तंत्रज्ञ म्हणेल, सगळं ठीक आहे. पण कोअर आणि हॉटस्पॉट यांच्यातला ३४ अंशांचा फरक तिथेही जवळपास तेवढाच राहील. एसीने तो लपत नाही. साधारण १०-२० अंशांचा फरक नेहमीचा असतो. ३० च्या वर गेला की थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) नीट बसलेली नाही किंवा कूलर चिपला सगळीकडे टेकत नाही, असा संशय घ्यायला जागा आहे. तक्रारीत हाच आकडा ठळक लिहा. आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांत हॉटस्पॉटचा आकडा बाहेर दिसतच नाही. तिथे मेमरीचं तापमान, पंख्याचा वेग आणि घड्याळाची घसरण यांवरच भिस्त ठेवावी लागते.

एक चाचणी कॅबिनेटची बाजूची पाटी काढून करा. तेवढ्याने तापमान दहा-बारा अंशांनी उतरलं तर दोष कार्डाचा नसून कॅबिनेटमधल्या हवेचा आहे. मग पंखे आणि धूळ बघा, वॉरंटी नको.

फर्मवेअरने काय सुटतं, काय सुटत नाही

कार्डावरच्या चिपमध्ये व्ही-बायोस नावाचं छोटं फर्मवेअर असतं. पंखा किती अंशांवर किती फिरायचा, कार्डाने किती वॅट खायचे, हे ते ठरवतं. म्हणजे अपडेटने पंखा लवकर फिरवता येतो, वीज थोडी आवळता येते. सुकलेली पेस्ट ओली होत नाही आणि सुटलेला थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) परत चिकटत नाही.

२०१६ सालचं ईव्हीजीए या कार्डं बनवणाऱ्या कंपनीचं प्रकरण यासाठी बघण्यासारखं आहे. जीटीएक्स १०८० एफटीडब्ल्यू आणि त्याच एसीएक्स ३.० कूलरच्या भावंडांत वीज पुरवणारा भाग, म्हणजे व्हीआरएम, फार तापत असल्याचं चाचण्यांत दिसलं. कंपनीने तापमान मर्यादेतच असल्याचं म्हटलं, पण ग्राहकांपुढे तीन वाटाही ठेवल्या: पंखा जास्त फिरवणारा नवा व्ही-बायोस, घरी बसवायला मोफत थर्मल पॅड, किंवा कार्ड बदलून घेणं. माझ्या मते तक्रार कशी हाताळावी याचा तो नमुनाच होता. ईव्हीजीएने २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा धंदाच सोडला, हा भाग निराळा.

उलट उदाहरण एएमडीचं. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या कंपनीच्याच डिझाइनच्या काही कार्डांचा हॉटस्पॉट थेट ११० ला भिडायचा. कार्ड आडवं बसवलं की त्रास जास्त, उभं धरलं की कमी. जानेवारी २०२३ मध्ये एएमडीने मान्य केलं की काही कूलरांच्या व्हेपर चेंबरमध्ये (पाण्याच्या वाफेने उष्णता पसरवणाऱ्या बंद डबीत) पाणी पुरेसं भरलेलंच नव्हतं. तिथे कुठला व्ही-बायोस कामाला येणार? ती कार्डं बदलूनच द्यावी लागली.

तरीही अपडेट आधी करून ठेवा, कारण ‘लेटेस्ट बायोस टाकलात का?’ हा सर्व्हिस सेंटरचा पहिला प्रश्न असतो. पद्धत सरळ आहे. जीपीयू-झेडमध्ये दिसणारी व्ही-बायोसची आवृत्ती आणि ब्रँडच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावरची आवृत्ती ताडून बघा. मॉडेलचं नाव सारखं असूनही रिव्हिजन वेगळी असू शकते, म्हणून कार्डावरच्या स्टिकरवरचा पूर्ण पार्ट नंबर जुळवा. जुनी फाइल जीपीयू-झेडमधूनच साठवून ठेवा. कार्डाला दोन बायोसचं बटण असेल तर एका बाजूलाच नवी फाइल टाका. यूपीएस लावल्याशिवाय हात लावू नका. अपडेटच्या मध्येच लाइट गेली तर कार्ड उठायचंच नाही. यूट्यूबवर कुणी दिलेली दुसऱ्या ब्रँडची फाइल टाकणं तर वॉरंटीवर स्वतःच्या हाताने पाणी सोडण्यासारखं आहे. साइटवर नवी फाइल नसेल तर तसा स्क्रीनशॉट घ्या. तोही पुरावाच.

लॅपटॉपवाल्यांसाठी: तुमचं ग्राफिक्सचं फर्मवेअर बहुधा लॅपटॉपच्या बायोस अपडेटमधूनच येतं आणि वॉरंटी अख्ख्या लॅपटॉपची असते. खालची कागदपत्रं तुम्हालाही तीच लागतील.

पात्रता

भारतात बहुतेक ब्रँड ३ वर्षांची वॉरंटी देतात. काही जण ऑनलाइन नोंदणी केल्यास जास्त, पण ती नोंदणी खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच करायची असते. मुदत कुठून मोजायची हे ब्रँडवर आहे: कुणी बिलाच्या तारखेपासून, कुणी सिरीयल नंबरमधल्या उत्पादनाच्या तारखेपासून. साइटवर सिरीयल नंबर टाकून ते आधीच पाहून घ्या.

नाकारण्याची कारणंही ठरलेली असतात. सिरीयलचा स्टिकर फाटलेला, स्क्रूवरचा वॉरंटी स्टिकर तुटलेला, पीसीबी (कार्डाची सर्किटची पाटी) वाकलेला, जळाल्याचा डाग, गंज. कोकणात आणि गोव्यात दमट हवेमुळे ब्रॅकेटवर गंज चढतो आणि वाद तिथूनच सुरू होतो. कार्ड उघडून स्वतः पेस्ट बदलण्याचा मोह फार होतो, पण वॉरंटी शिल्लक असेल तर आधी ब्रँडला ईमेल करून लेखी परवानगी मागा. काही ब्रँड देतात, काही नाही. फोनवरचं ‘चालेल’ धरू नका. बऱ्याच ब्रँडच्या अटींत क्रिप्टो मायनिंगसाठीचा (आभासी चलन कमावण्यासाठीचा) वापरही वगळलेला असतो.

अमेरिकेतल्या भावाने किंवा दुबईच्या मावशीने आणलेल्या कार्डाची वॉरंटी सहसा त्याच देशापुरती असते. इथला वितरक हात वर करतो आणि अटींनुसार त्याचं बरोबरही असतं. अशा कार्डासाठी बिल ज्याच्या नावावर आहे त्यानेच तिथून दावा करणं हा व्यवहार्य मार्ग. सेकंडहँड कार्ड घेताना मूळ जीएसटी बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हेही इथेच सांगून टाकतो.

कागदपत्रं

– जीएसटी बिल, त्यावर कार्डाचा सिरीयल नंबर
– मूळ खोका
– कार्डाचे दोन्ही बाजूंचे आणि स्टिकरचे फोटो
– तापमानाचा लॉग, व्ही-बायोस आवृत्तीचा स्क्रीनशॉट, खोलीच्या तापमानाची नोंद
– तिकीट नंबर आणि झालेला सगळा ईमेल व्यवहार

बिलावर सिरीयल नंबर नसेल तर दुकानदाराकडून आजच लिहून, शिक्का मारून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात गर्दीच्या वेळी ‘ग्राफिक्स कार्ड – १ नग’ एवढंच लिहिलेलं बिल सहज हातात पडतं. छापील बिल थर्मल कागदावर असेल तर वर्षभरात अक्षरं उडतात, तेव्हा घेतल्या दिवशीच फोटो काढा.

खोका रद्दीत देऊ नका. त्यावरच्या स्टिकरवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला असतो. २०११ च्या वैधमापन नियमांनुसार तो छापावाच लागतो. पुढे प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर प्रतिवादी कोण, हे त्या स्टिकरवरूनच कळतं.

अर्ज कसा करायचा

आधी दुकानदाराला विचारा. चांगला दुकानदार स्वतःच कार्ड पुढे पाठवतो. नाही तर ब्रँडच्या भारतीय साइटवर आरएमएचं (वॉरंटीत माल परत पाठवण्याच्या मंजुरीचं) तिकीट काढा. मजकूर छोटा आणि आकड्यांचा असू द्या: ‘खोली ३८ अंश. अर्ध्या तासाच्या वापरानंतर कोअर ७२, हॉटस्पॉट १०६, पंखा ९५ टक्के. कॅबिनेट उघडं ठेवूनही फरक ३४ अंशांचा. आपल्या साइटवरचा नवीनतम व्ही-बायोस टाकला आहे. ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) नाही. कूलरची तपासणी करून कार्ड दुरुस्त करावं किंवा बदलून द्यावं.’ हेच वाक्य जॉब शीटवर उतरवून घ्या. काउंटरवरचा मुलगा ‘हीटिंग’ लिहून मोकळा होऊ पाहील. तुम्ही आग्रह धरा. कार्ड देताना काउंटरवरच सिरीयल नंबरचा आणि पीसीबीचा व्हिडिओ काढा, म्हणजे नंतर ‘आधीच वाकलेलं होतं’ असं कुणी म्हणणार नाही. कुरिअरने पाठवायचं असेल तर अँटिस्टॅटिक पिशवीत, खोक्यात आणि विमा उतरवून पाठवा.

बदली म्हणून नवंच कार्ड मिळेल असं नाही. दुरुस्त केलेलं किंवा तत्सम क्षमतेचं दुसरं मॉडेल मिळू शकतं. मॉडेल बंद झालं असेल तर घसारा कापून क्रेडिट नोट पुढे केली जाते. ती मुकाट्याने घ्यायची सक्ती नाही. अटींत घसाऱ्याचं कोष्टक असेल तर ते लेखी मागा आणि मगच सही करा. बदलीत आलेल्या कार्डाला सहसा जुन्याचीच उरलेली मुदत लागू होते, म्हणून नवा सिरीयल नंबर कागदावर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. घरी आल्यावर तीच अर्ध्या तासाची चाचणी पुन्हा करा. बदलीत आलेलं कार्डही तसंच निघू शकतं.

नकार आला तर

ऑनलाइन घेतलं असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. अधिकाऱ्याचं नाव साइटवर तळाशी असतं.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हेल्पलाइन आदेश देत नाही, कंपनीशी बोलणी करते. पण बऱ्याच तक्रारींत कंपनीचा वरचा माणूस त्यानंतरच जागा होतो.

तरीही नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी बंगळुरूची असो वा दिल्लीची. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. म्हणजे कुठलंही घरगुती कार्ड यात बसतं. वकील सक्तीचा नाही. तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि वरची सगळी कागदपत्रं ई-जागृती पोर्टलवर चढवता येतात. विक्रेता आणि आयातदार, दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवत बसतो.

व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल या कायद्यात ‘ग्राहक’ म्हणून दाद मागता येत नाही. मात्र स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः वापरत असाल, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एकटा एडिटर असाल, तर तुम्ही ग्राहकच आहात. जीएसटीची सूट मिळते म्हणून बिल फर्मच्या नावावर घेतलेल्यांनी हा मुद्दा तक्रारीतच स्पष्ट लिहावा. समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो.

वादाचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी, तेव्हा नकाराचा ईमेल जपून ठेवा. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग कार्ड प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. अशा प्रकरणांसाठी कायद्याने ५ महिन्यांचं लक्ष्य ठेवलंय, चाचणी नसेल तर ३ महिन्यांचं. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो हे धरूनच चाला आणि तोवर कामासाठी दुसऱ्या कार्डाची सोय बघून ठेवा.