वॉर्डातला माणूस आणि त्याचा वकील: पार्श्वभूमी

इच्छेविरुद्ध मनोरुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला मोफत वकील मिळू शकतो, यावर आता वाद नाही. तो कोणाच्या सांगण्यावरून आणि कितव्या दिवशी येतो, घोळ तिथे आहे.

१९१२ च्या कायद्याबद्दल (इंडियन ल्युनसी ॲक्ट) फार लांबण नको. अर्ज, डॉक्टरांचे दाखले, मॅजिस्ट्रेटची रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे दाखल करून घेण्याचा आदेश, की माणूस आत. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ९१ ने वकिलाची सोय केली: जिल्हा न्यायालय किंवा मॅजिस्ट्रेटपुढे कार्यवाही चालू असेल, रुग्णाला वकील नसेल आणि ऐपतही नसेल, तर कोर्टाने सरकारी खर्चाने वकील द्यायचा. मात्र त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये नातेवाईक किंवा मित्राच्या अर्जावर, दोन दाखले जोडून (त्यातला एक सरकारी सेवेतल्या डॉक्टरचा), ९० दिवसांपर्यंत ठेवता येत असे. यात कोर्ट नव्हते. म्हणजे कार्यवाही नाही, म्हणून कलम ९१ ही नाही. सुटकेसाठी रुग्ण मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकत होता खरा, पण तो अर्ज बाहेर नेणारा माणूस बहुधा दाखल करणाराच!

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. कलम २७ प्रमाणे मोफत विधी सेवेचा हक्क आहे हे रुग्णाला सांगणे आणि संपर्काचा तपशील देणे, ही जबाबदारी मॅजिस्ट्रेट, पोलीस आणि रुग्णालयाच्या प्रमुखावर आली.

पण याच कायद्याने ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ आणला, आणि शब्दाने गोंधळ वाढवला. हा प्रतिनिधी वकील नव्हे, उपचाराच्या निर्णयांत रुग्णाला साथ देणारा माणूस. रुग्णाने कोणाला नेमले नसेल तर ही जागा बहुतेक वेळा नातेवाइकाकडे जाते. कलम ८९ खाली रुग्णाला ३० दिवसांपर्यंत दाखल करून ठेवण्याचा अर्ज तोच करतो, सुटकेचा अर्जही तोच करू शकतो. मुलाने वडिलांना दाखल केले आणि वडिलांना ते मान्य नाही, अशा वेळी ‘प्रतिनिधी आहे ना’ म्हणून वकिलाचा विषय मिटवणे चूक आहे. अशा दाखल करण्याला जिथे आव्हान देता येते त्या, याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळापुढे रुग्ण स्वतः किंवा आपल्या पसंतीच्या वकिलामार्फत बाजू मांडू शकतो. प्रतिनिधी बदलून मागण्यासाठीही मंडळाकडे अर्ज करता येतो.

पुढची अडचण वकीलपत्राची. ‘पेशंटला क्षमता नाही, सही चालणार नाही’ हे उत्तर टिकणारे नाही. कलम ४ मधली क्षमता उपचाराच्या निर्णयापुरती आहे. आणि कलम ३ प्रमाणे, सक्षम न्यायालयाने तसे ठरवल्याशिवाय, केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून कोणी अस्थिर मनाचा ठरत नाही. सहीच्या वेळी वकिलाने रुग्णाशी एकट्याने बोलावे, भेटीची तारीख-वेळ टिपून ठेवावी.

कलम ८९ खाली दाखल केल्याची खबर मंडळाला सात दिवसांत (स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत) द्यावी लागते. आव्हान दिल्यास मंडळाने सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. विरोधात गेला तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील. पण ही खबर मोफत वकील पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला द्यायचे बंधन कलम ८९ मध्ये नाही. कलम २७ ची माहिती वॉर्डात तोंडी सांगून केस पेपरवर नुसती बरोबरची खूण केली, तर वकिलाला निरोप जातो तो रुग्णाने मागितला तेव्हाच.